शेजारती

“आये, ह्या बंद करू नको हां. एकदा घेतलेला काम माझ्या नावार परत जाता नये.”

गोव्याच्या हॉस्पिटलात जायला निघताना संचितानं लॅपटॉप देवघराशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि सांगितलं. तिच्या रक्ताच्या दुखण्यावर औषध शोधणाऱ्यांचं गणित एवढं अवाढव्य की त्यांनी ते जगभरच्या घरोघरच्या संगणकांना वाटून दिलेलं. त्यातलाच एक घास मिठबावातल्या ह्या घराच्या वाट्याला. दुर्गानं देवासमोर लेकीच्या हातावर हात ठेवून वचन दिलं होतं.

रोज पूजा आटोपली की ती लेकीच्या कामांची यादी उघडायची. पहिल्या पानावर एकाखाली एक ‘मंजूर’, ‘मंजूर’. ती हात जोडायची नि उठायची. आज मात्र तारांच्या कामासाठी बारा वाजल्यापासून लाईट नव्हती, ती सहाशिवाय येणार नव्हती. जीव थाऱ्यावर राहीना म्हणून फोनचं नेट जोडून दुपारी ती पुन्हा बसली. पानामागून पान, यादी काही संपेना. मग आठवलं, संचिता म्हणाली होती, ‘मुदत’ ह्या शब्दावर टिचकी मार, रांग उलटता.

रांग उलटली. सगळ्यात वर एकच ओळ : ‘चालू’. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. काम अजून तासाभराचं. घड्याळात तीन वाजून गेलेले, आणि कोपऱ्यातली बॅटरी लाल.

“असा कसा मागे रवला?” ती पुटपुटली. मशीन तर तिनं एकदाही बंद केलं नव्हतं.

मग तिची नजर स्टुलावरच्या जरीच्या फडक्यावर गेली. रोज रात्री शेजारती म्हणून देवांना निजवलं की ती ह्याचंही झाकण मिटायची, वर फडकं घालायची. दिवसभर राबता बिचारो, घटकाभर निजांदे. आणि फडक्याखाली त्याचा पंखा रात्रभर गप्प असायचा. सकाळी झाकण उघडलं की मगच घुरघुरायचा.

झाकण मिटलं की कामही निजत होतं. दुर्गा चार्जर गुंडाळू लागली.

“जनरेटर गावात एकच,” सासू मथुरा दारातून म्हणाली. “जेटीवर, शंकराच्या बर्फाच्या कारखान्यात. थंय जातलंस? उपासाच्या सोमवारी? बांगड्यांच्या राशीत?”

सोमवारी दुर्गा मासळीचा वाससुद्धा अंगावर येऊ देत नसे. जेटीची वाटच टाळायची.

“संचिताक फोन करून सांग, नाय जमला म्हणून,” मथुरेचा आवाज जरा खाली आला. “चेडू रागावचा नाय.”

“रागावचा नाय, म्हणानच,” दुर्गा म्हणाली.

तिनं देवापुढे कपाळ टेकवलं. “महाराजा, आजचो उपास तू सांभाळ.” चार्जर नि फोन कमरेला खोचले आणि लॅपटॉप उचलला.

“अगो, झाकण तरी लाव त्याचा! उन्हातसून जातलंस.”

दुर्गानं मागं पाहिलं नाही. उघडाच लॅपटॉप छातीशी धरून, वर पदराची सावली करून ती जेटीचा उतार उतरू लागली. खालून वाऱ्यावर बांगड्यांचा वास वर येत होता. पदराआड पंखा घुरघुरत होता.