कठड्यावरचे हात

पाकीटमाराला तीन महिने, दरोडेखोराला सात वर्षं, खुन्याला जन्मठेप. शिक्षा देताना जज्जसाहेबांचा हात कधी थरथरला नव्हता. शिक्षा ऐकताना मात्र प्रत्येक जण आरोपीच्या पिंजऱ्याचा रुंद कठडा घट्ट धरायचा आणि मागे राहिलेले घामाचे ठसे शिपाई पुसून टाकायचा.

आता पिंजरा रिकामा होता, तरी कठड्यावर दोन ओले पंजे होते. शिपायाने पुसले. ते पुन्हा उमटले.

"अजून कोण राहिलंय रे?"

"कोणीच नाही, साहेब." शिपाई त्यांच्याकडे न बघताच पुटपुटला, "पण डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे."

आपली अर्धी करंगळी लपवायला साहेबांनी टेबलाखाली डावी मूठ हळूच मिटली.

समोर कठड्यावरची ओली बोटंही एकेक करून मिटली.