उजवीकडचं आधी

“डावीकडून नाही, मावशी. पुन्हा,” भाची म्हणाली.

मावशीने संगणकाच्या पडद्यावर प्रोग्रामच्या ओळीच्या उजव्या टोकाला बोट नेलं. उजवा हात मांडीवरच होता. ती सगळं डाव्यानेच करायची.

“आधी गाळणी,” ती सावकाश म्हणाली. “टाक्यांमधल्या पाण्याची रोजची घट येते, त्यातले बिघडलेले आकडे जातात. उरलेली अख्खी रांग पुढच्याच्या हातात.”

“पुढचा कोण?”

मावशी अडली.

“बास कर गं,” काका स्वयंपाकघरातून म्हणाले. “डोकं शिणेल.”

“शिणू दे,” मावशी म्हणाली. “ उद्या साहेबांना ही ओळ उलगडून सांगितली, तरच हिच्या कचेरीतली ती खुर्ची मला मिळणार आहे. तुम्ही चहाचं बघा.”

भाची हसली. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होती आणि रोज सकाळी कामावर जाताना इथे थांबायची. ओळ समजल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, असा मावशीचा नेम होता. काका कितीदा तरी चहा परत गरम करायचे.

“तीन कामं एकमेकांना चिकटवलीत आणि मध्ये एक शब्द नाही,” मावशी कुरकुरली. “कुणी लिहिलंय हे? भलताच कंजूष माणूस!”

“कमी बोलायची सवय,” भाची खिडकीकडे बघत म्हणाली.

मावशी पुन्हा ओळीला भिडली. कामं जोडणाऱ्या चिन्हाची कीबोर्डवरची कळ तिच्या बोटाला न बघताच सापडली.

“गाळणी. मग प्रत्येक आकड्याचा जवळचा पूर्णांक. मग बेरीज.” ती थबकली. “अगं, हे चुकलंय.”

“काहीतरीच! कित्येक वर्षं चालतंय ते.”

“चालू दे. रोजची घट अर्ध्याहून कमी असली, की आधीच तिचं शून्य होतं. मग शून्यांची बेरीज काय होणार? टाकी थेंबथेंब गळत राहील आणि तुम्ही म्हणाल, सगळं आलबेल. पूर्णांक बेरजेनंतर हवा. म्हणजे सगळ्यात डावीकडे.”

भाचीने दोन कामांची अदलाबदल करून ओळ चालवली. एका टाकीपुढे इतके दिवस शून्य यायचं. आता तिथे बारा आला.

तिने दुरुस्त ओळ जतन केली.

काकांनी चहा आणून ठेवला. मावशीने कपाला हात लावला नाही.

“साहेबांना सांगू ना उद्या? की लिहिणाऱ्याला वाईट वाटेल?”

“नाही वाटणार.” भाचीने कप मावशीच्या डाव्या हाताजवळ सरकवला.

“तू ओळखतेस त्याला?”

“मावशी, आजारात कचेरीतलं काम विसरायच्या आधी ही ओळ तूच लिहिली होतीस. मला शिकवलीस, तीही तूच.”