फोन वाजेपर्यंत

वहिनीचा फोन सकाळपासून टायरच्या दुकानात गल्ल्याशेजारी पडून होता आणि तो वाजत नव्हता, म्हणून दुकानात सगळे खुशीत होते.

भिंतीवरच्या टीव्हीत शेअर चढत होता. कंपनी समुद्रात तेल शोधणारी. तेल लागलं की ती आधी रिगवरच्या कामगारांचे फोन बंद करते, बातमी फुटू नये म्हणून. मागच्या विहिरीला असंच झालं होतं. फोन सुरू होईपर्यंत भाव तिप्पट झाला होता. तेव्हापासून गल्लीला हे गणित पाठ होतं. दुकानदाराला सगळे धाकटा म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ त्या रिगवर होता. रोज संध्याकाळी न चुकता बायकोला फोन करणारा माणूस. परवापासून त्याचा फोन नाही. लावला तर लागत नाही. धाकट्यानं दुकान गहाण टाकून शेअर घेतले. त्याच्या भरवशावर शेजारच्या खाटकानं घेतले, समोरच्या निवृत्त मास्तरांनी घेतले.

वहिनी जिना उतरून आली.

“भाऊजी, फोन द्या माझा. कंपनीच्या ऑफिसात विचारते.”

“विचाराल आणि गावभर बोभाटा कराल. दादा मजेत आहे, वहिनी. त्याला बोलायची बंदी आहे, जेवायची नाही.”

“माझी बायको म्हणते, तुम्हीपण जा समुद्रात,” खाटीक म्हणाला. “म्हटलं, मी गप्प बसलो तर भाव कोण देणार?”

मास्तर हसले. वहिनी हसली नाही, पण परतही गेली नाही.

तेवढ्यात एक ॲम्ब्युलन्स कलत कलत दुकानासमोर येऊन थांबली. मागचं चाक पार बसलं होतं. ती चालवणाऱ्याला गल्लीत भोंगा म्हणत. तो उडी मारून उतरला.

“स्टेपनी टाक पटकन. बंदरावर जायचंय.”

धाकट्यानं लांब दांड्याचा पाना उचलला. “एवढी कसली घाई?”

“रिगवर भडका उडालाय. भाजलेली माणसं बोटीनं आणतायत. होत्या नव्हत्या तेवढ्या गाड्या बोलावल्यात.” मग भोंग्याला वहिनी दिसली आणि तो गप्प झाला.

दुकानातल्या सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. भाव चढतच होता.

“मग टीव्हीवाले काय झोपलेत?” मास्तर म्हणाले.

“परवा आपले शेअर विकून बसलाय हा,” खाटीक म्हणाला. “काल माझ्यासमोर कपाळ बडवत होता, घाई केली म्हणून. आता स्वस्तात परत घ्यायचेत त्याला.”

“आईशपथ तसं काही नाही. अरे, माणसं जळतायत आणि तुम्ही...”

खाटकानं त्याची कॉलर धरून त्याला टायरच्या चळतीवर आपटलं. वरची लोखंडी रिम घसरून भोंग्याच्या तोंडावर आली. ओठ फाटला. त्यानं खाटकाच्या पोटात गुडघा मारला आणि दाराकडे धावला. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि त्याच्या पायात पाय घातला. तो पडल्यावर त्याच्या कुशीत लाथ घातली. मग आणखी एक, नीट नेम धरून.

“सोडा त्याला,” वहिनी म्हणाली. “पुढे काय ते सांगू द्या.”

धाकटा भोंग्याच्या डोक्याशी उभा राहिला. “खोटं आहे म्हण.”

“स्टेपनी टाक,” भोंगा म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला.

“माझा भाऊ आहे तिथे. खोटं आहे म्हण.”

“माहीत आहे रे. म्हणून तर सांगतोय.”

धाकट्यानं पाना हाणला. भोंग्यानं हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. खाटकाच्या तो रोजच्या ओळखीचा होता. खाटीकच आधी मागे सरला.

आणि फोन वाजला.

वहिनी झेपावली, पण धाकटा जवळ होता. त्यानं पाहिलं. दादाचं नाव नव्हतं. लांबलचक, अनोळखी नंबर होता, एखाद्या ऑफिसचा असावा तसा. फोन वाजायचा थांबावा, एवढंच त्याला वाटलं. त्यानं पाना घातला. काच फुटली तरी फोन वाजत होता. दुसऱ्या घावाला तो बंद पडला. तिसरा घाव धाकट्यानं त्यानंतर घातला.

“ह्यांचा होता?” वहिनीनं विचारलं.

“नाही.”

“मग कुणाचा?”

बाहेर ॲम्ब्युलन्समधला वायरलेस खरखरला. “कुठे अडकलास? गाड्या कमी पडतायत. ऐकतोयस का? अरे, कुणी आहे का तिथे?”

भोंगा उठायला बघत होता. त्याचा हात मनगटाच्या वर भलत्याच दिशेला वळला होता.

वहिनीनं धाकट्याच्या हातातून पाना घेतला. तो सहज सुटला. बाहेर जाऊन तिनं पहिल्या नटला तो लावला, दांड्यावर पाय देऊन उभी राहिली आणि सगळं अंग टाकून दाबलं. नट करकरला आणि हलला. पान्यावरचं रक्त तिच्या तळहाताला लागलं होतं. ते तिनं पाहिलं आणि दुसऱ्या नटला पाना लावला.

“भाऊजी, जॅक आणा,” ती मागे न बघता म्हणाली.

धाकट्यानं जॅक उचलला. तो उंबऱ्यापर्यंत पोचला.

“अजून चढतोय रे,” मागून मास्तर हलकेच म्हणाले. ते चष्मा पुसत होते. “बातमी अजून बाहेर आलेली नाही.”

धाकट्यानं वळून टीव्हीकडे पाहिलं.