फ्रेमचे सहा वॅट

पडदा काळा असलेल्या फोटोफ्रेमने सहा वॅट ओढले, तेव्हा एनिडने मीटरला टिचकी मारून पाहिली. आकडा हलला नाही.

मीटर उल्व्हरस्टोनच्या ग्रंथालयातून आणलेला, पुस्तकासारखा, दोन आठवड्यांच्या बोलीवर. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो खोचायचा, त्यात उपकरणाचा प्लग लावायचा, की बंद असतानाही ते किती वीज खातं ते कळतं. सकाळपासून एनिड एक्क्याऐंशी वर्षांचे गुडघे टेकत घरभर फिरत होती. मायक्रोवेव्हचं घड्याळ दोन वॅट. टीव्ही एक. प्रिंटर चार, आणि तो मेला वर्षाला एक कागद छापत नाही. एकेकाचं भिंतीवरचं बटण तिने खटाखट बंद केलं. घर सुटायचं होतं खरं, पण म्हणून फुकट वीज जाऊ देणाऱ्यांतली ती नव्हती.

वृद्धाश्रमाच्या कागदांवर शुक्रवारी सही करायची होती. जबरदस्ती कुणाचीच नव्हती. आपण विसरायला लागलोय, हे तिचं तिलाच पटलं होतं. मुलगी जॅनेल दर रविवारी होबार्टहून फोन करायची.

"त्या दिवशी दूध जाळलंस ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच की गं आई. मागच्याच रविवारी."

कधी स्टुलावर चढल्याचं निघे, कधी सकाळची गोळी चुकल्याचं. सगळं खरं असे. सांगितल्याचं मात्र एनिडला काही केल्या आठवत नसे. ती घाबरली. फ्रिजवर चिठ्ठ्या लागल्या, गॅस बघ, गोळी घे, जॅनेलला काय सांगितलंस ते लिहून ठेव. त्या शेवटच्या चिठ्ठीखाली कधीच काही लिहिलेलं नसायचं, आणि आपण लिहायलाही विसरलो म्हणून ती आणखी खचायची. शेवटी तीच म्हणाली, हो बाई, जाते मी.

फ्रेम जॅनेलनेच नाताळला दिलेली. स्वयंपाकघरातल्या फळीवर तिने स्वतःच्या हाताने ठेवली आणि बजावलं, "हिचं बटण बंद करू नकोस हं, फोटो पुसले जातील."

पण सहा वॅट? एवढा मोठा टीव्ही एकावर भागवतो, आणि ही वीतभर चौकट सहा खाते? एनिडने बटण बंद केलं.

चहाचं पाणी उकळायच्या आत फोन वाजला. "आई, बरी आहेस ना?"

"आज मंगळवारी कसा काय?"

"सहज."

एनिडचे डोळे भरून आले. किती जीव लावते पोरगी. फोटो गेले तर तिला वाईट वाटेल म्हणून तिने फ्रेम पुन्हा चालू केली. सगळे फोटो जागच्या जागी होते. मग जपायचं कशाला? जेवण झाल्यावर तिने बटण परत बंद केलं आणि बशा धुवायला घेतल्या.

दुसरी बशी हातात असताना फोन आला.

"आई, तुझ्याकडे वीज गेलीय का?"

"नाही गं. का?"

"काही नाही. सहज."

एनिडने बशी तशीच ठेवली. हात पुसून तिने फ्रेम खाली घेतली आणि चष्मा लावून उजेडात धरली. वरच्या पट्टीत मोहरीएवढी काच होती, कॅमेऱ्याची. नाताळपासूनची ती प्रत्येक रात्र तिला आठवली, जेव्हा उशीवर पडून ती रविवारचं बोलणं शब्द न् शब्द घोकत होती, सापडत नाही म्हणून रडत होती. एकही रात्र ती विसरली नव्हती.

तिने फ्रेम टेबलावर ठेवली, मीटरमधून प्लग लावून बटण चालू केलं, फोन शेजारी ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसली. पडदा उजळून परत काळा होईपर्यंत, मीटर सहावर येईपर्यंत थांबली.

"जॅनेल," ती म्हणाली, "दूध मी जाळलं. स्टुलावरही चढले. त्यातलं एक तरी मी तुला सांगितलं असेल, तर आत्ता फोन कर. मग शुक्रवारी सही करते."

ती बसून राहिली. मीटरवर सहाचे नऊ झाले, पलीकडून कुणी बघायला लागावं तसे, बराच वेळ नऊच राहिले, आणि मग परत सहावर आले.

फोन वाजला नाही.