उजाडल्यावर या

परीचा शब्द कधीही खोटा ठरत नाही. फक्त तो संध्याकाळी बाजारात चालत नाही.

सुईणीने एका परीचं अडलेलं बाळंतपण सोडवलं आणि मजुरी म्हणून तिला पिशवीभर वाळकी पानं मिळाली. घरी नवऱ्याला श्वास घेववत नव्हता आणि डॉक्टरांनी इंजेक्शन आजच द्या म्हणून बजावलं होतं. ती पिशवी घेऊन तशीच औषधाच्या दुकानात गेली.

"मावशी, हा पाला माझ्या गळ्यात कशाला मारताय?" दुकानदार म्हणाला.

"उजाडलं की त्याच्या सोन्याच्या मोहरा होणार आहेत. परीने सांगितलंय. तोवर उधार द्या."

"मग उजाडल्यावरच या की! इथे परीलाही उधारी नाही. नऊला उघडतो."

उजाडलं आणि पानांच्या खरोखरच मोहरा झाल्या. नऊ वाजता सुईणीने त्यातली एक काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती दाताखाली धरून पाहिली आणि लगबगीने फ्रिजमधून इंजेक्शन काढलं.

"ते राहू द्या आता," ती म्हणाली. "कापूस द्या. नाकात घालायला."



मोहरेला सुट्टे नव्हते, म्हणून कापूस त्याने उधार दिला.