राजखंजिराचं पाणी

"आणखी एक घास घे, माक. विष असलंच तर निदान पोटभर खाऊन मर," सुलतान इंद्र शाह अंथरुणातून म्हणाला.

दाई चेम्पाका हसली नाही. लहानपणापासून तो तिला माक, म्हणजे आई म्हणायचा. नारळाच्या दुधातला मासा तिनं चाखला, भात चाखला, नदीचं पाणीसुद्धा चाखलं आणि मग ताट त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं दोन घास खाल्ले नि ओकून टाकले.

तिच्या अंगावर प्यायलेलं पोर ते. बाप गेला तेव्हा तीन वर्षांचं होतं. दरबार भरला की गादीवर पेंगायचं आणि ही पडद्यामागून चिमटे काढायची. आता मिसरूड फुटलं, कारभार स्वतःच्या हाती घेतला, कोळ्यांची वेठबिगारी बंद केली. लोक दुवा देत होते. आणि आता ही दशा! केस गळताहेत, पायांना मुंग्या येताहेत, तळव्यांची कातडी खरखरीत झालीय.

वैद्यांनी हात टेकले होते. आचारी बदलले, विहीर बदलली. चेम्पाकाला एकाच माणसाचा संशय होता. बेंदाहारा, म्हणजे मुख्य प्रधान. सुलतानाचा सख्खा काका आणि गादीचा पुढचा वारस.

"सोमल घालता ना त्याच्या अन्नात?" एकदा तिनं तोंडावरच विचारलं. "त्याला चव नसते म्हणे."

"अगं बाई, घासन् घास आधी तू चाखतेस. तू तर ठणठणीत! मग मी विष घालतो कुठून, वाऱ्यातून?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

काकानंच मध्यंतरी पुतण्याला नदीच्या वरच्या अंगाला शिकारीला नेलं होतं. तिथं पोरगा उठून बसला, दोन-दोन ताटं जेवला. राजवाड्यात परतला नि पुन्हा आडवा. काकाजवळ असला की बरा, दूर झाला की आजारी! म्हणजे विषाची दोरी काकाच्याच हातात. कुठंतरी पाणी मुरतंय, हे चेम्पाकाला पक्कं कळलं. पण दाईचं ऐकतो कोण? रात्र रात्र ती त्याचे पाय चोळायची आणि अल्लाला शिव्या देऊन लगेच माफी मागायची.

तिच्या हातात एकच उपाय होता, सुलतानाच्या वाडवडिलांचा क्रिस. तो नागमोडी खंजीर राजवाड्याचा उंबरठा कधी ओलांडत नसे. ज्या पाण्यात तो बुडवला, ते पाणी मेलेल्याला उठवतं म्हणत. पण ते राजरक्तानंच प्यायचं, दुसऱ्यानं ओठ लावला तर जीभ झडते. चेम्पाका रोज क्रिस म्यानातून काढून तसाच पितळी वाटीत बुडवायची. पुसायचीसुद्धा नाही, त्यातला गुण जाईल म्हणून. पोर जास्त खंगलं तसं तिनं पाणी दोनदा द्यायला सुरुवात केली.

शेवटी तिनं सुलतानाचे पाय धरले. "बाळा, काकाला घालव. माझ्या दुधाची शपथ आहे तुला."

त्यानं तिच्या हातांवर हात ठेवला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर तसं."

बेंदाहाराची होडी सकाळीच सुटली. म्हातारा भांडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "पोराला पुन्हा वरच्या गावी ने गं. कुणाबरोबरही ने, पण ने."

"नेते हं!" ती होडीकडे बघून फणकारली. मग आत आली आणि काठोकाठ वाटी भरली. आता माझं लेकरू वाचलं, असं तिला वाटलं. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत.

सुलतानानं वाटी रिकामी केली. "आज जास्त कडू आहे, माक."

"औषध कडूच असतं, राजा. झोप आता."

एवढ्यात शस्त्रं सांभाळणारा म्हातारा पाक दोल क्रिस न्यायला आला. ती ओला क्रिस हातात घेऊन दाराशी गेली. पातं काळंभोर होतं, त्यावरची वळणं लखलखत होती.

"काय देखणं ठेवलंयस रे दोल!"

"मग! पूर्वी पात्याची सफाई वर्षातून एकदा करायचो. मालक आजारी पडले तसं दर गुरुवारी करतो, शस्त्राचं तेज उतरायला नको," पाक दोल खुशीत म्हणाला. "लिंबाच्या रसात सोमल कालवून चांगला चोळतो. त्यानंच ही वळणं उठतात. तू बुडवायच्या आधी नारळपाण्यानं खळखळून धुतेस ना गं?"