अर्धा कोयता

"मालक कुठं हायेत?" धोंडीराम मुकादमानं जीपमधूनच विचारलं.

"म्होरं गेलेत," शिवकन्या म्हणाली.

खोटं नव्हतं. बद्रीनाथ गेल्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना कायमचाच पुढं गेला होता.

धोंडीराम पूर्वी ऊसतोडीच्या टोळ्या न्यायचा. दुष्काळानं ऊस संपवला, तशी त्यानं नर्स पुरवायची एजन्सी काढली. रीत तीच ठेवली. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईची रात्रपाळी, बाप्याची दिवसपाळी. नवऱ्याला नर्सिंग येतं का, हे त्यानं कधी विचारलं नाही. अर्धा कोयता मात्र तो गाडीत घेत नसे.

तेलगावजवळच्या सहकारी वृद्धाश्रमात शिवकन्या रात्रभर जागायची, दिवसा पत्र्याच्या खोलीत पडायची. दारातल्या दोरीवर बद्रीनाथचा निळा सदरा, पुराव्यापुरता. पण आज ना उद्या कळणारच, आणि जीप परत गावी सोडणार. तिथं ना पाणी, ना काम. या धास्तीनं तिचा डोळा लागत नसे.

रात्री भिवराबाईंच्या खाटेशी बसलं की तेवढं बरं वाटे. म्हातारी तांब्याभर पाणी प्यायची आणि पाय पुढं करायची. "लई गार पडलेत गं. दाब आणिक."

एका संध्याकाळी व्यवस्थापक मोहनराव भेटले. "तुमचे मालक कामाला वाघ आहेत हं. बोलत तेवढे नाहीत."

"पहिल्यापास्नं तसेच हायेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती झोपली नाही. पत्र्याच्या फटीला डोळा लावून बसली. दुपारी दोरीवरचा सदरा नाहीसा झाला. थोड्या वेळानं तो अंगणातून चालत गेला, हातात बादली, तोंडाला उपरणं.

ती धावली. उपरणं ओढलं.

आत मन्मथप्पा होते. दाराजवळच्या खाटेवरचे, दम्याचे.

"आप्पा, तुमी?"

"हळू बोल. मुकादमानं तुला नेलं तर आमाला दुसरी नर्स कोण देतंय? मोहनरावला चष्म्याबिगर म्हैस अन् मोटार सारखीच."

शिवकन्यानं उपरणं त्यांच्या हाती दिलं. "लई उपकार झाले, आप्पा."

"उपकार कसले? तू बी आश्रमाचं झाकतीसच की."

"मी काय झाकलं?"

"भिवराबाईचं. ती पोळ्यालाच वारली, तू यायच्या आधी. अनुदान डोक्यामागं मिळतं, म्हणून मोहनरावनं वर कळवलंच न्हाई. तिच्या गोधडीखाली उशा हायेत." मन्मथप्पांनी बादली उचलली. "तू रोज त्या उशांचे पाय दाबतीस, बोलतीस, लई झ्याक वठवतीस. फक्त तांब्यातलं पाणी कुठं ओततीस ते सांग. टँकरचं हाय, पोरी."